तुम्ही विचारलंत म्हणून: पेशंट न बघणारी डॉक्टर

"पेशंटला तर तुम्ही बघतच नाही, मग डॉक्टर कसल्या?" लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, एकदा तर एका सर्जनच्या आईकडूनही हे ऐकून झालं आहे. त्याचंच जरा सौम्य रूप म्हणजे, "रक्त-लघवीची लॅब ना गं तुझी?" मी हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे. पूर्वी "बायोप्सीचे रिपोर्ट देते" एवढं सांगून विषय बदलायचे. आता विचारणाऱ्याला वेळ असला, तर डॉ. वसंत रामजी खानोलकर या जुन्या पिढीतल्या पॅथॉलॉजिस्टबद्दल सांगते.

त्याआधी थोडं कामाबद्दल. सर्जननं काढलेला भाग फॉर्मलिनच्या, म्हणजे तो कुजू न देणाऱ्या द्रावणाच्या डब्यातून आमच्याकडे येतो. तो हातात घेऊन, मोजून, चिरून बघायचा. याला आम्ही ग्रॉसिंग म्हणतो. निवडलेले तुकडे मेणात बसवून ब्लॉक तयार होतो. मायक्रोटोम या काप काढायच्या यंत्रावर त्याचे तीन-चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप निघतात, एकाला एक चिकटून, रिबिनीसारखे. ते कोमट पाण्यावर सोडायचे आणि खालून काच सरकवून अलगद उचलायचे. सुरकुती पडली तर काप वाया. हे काम टेक्निशियनचं, आणि मुरलेल्या टेक्निशियनचा हात बघत राहावा असा असतो. मग रंग: पेशींची केंद्रकं निळी-जांभळी, बाकीचं गुलाबी. त्यानंतर मायक्रोस्कोप आणि माझी सही. कॅन्सर आहे का, कुठल्या प्रकारचा, कापलेल्या कडेपर्यंत पोचलाय का, किती खोल गेलाय? जिभेच्या किंवा गालाच्या कॅन्सरमध्ये खोली ५ मिलिमीटरच्या पुढे गेली, १० च्या पुढे गेली, की स्टेजिंगचा, म्हणजे आजार कितव्या टप्प्यावर आहे याचा, हिशेब बदलतो. पेशंट मला ओळखत नाही हे खरं, पण त्याची पुढची ट्रीटमेंट त्या कागदावरून ठरते.

आता खानोलकर. जन्म १८९५चा. लंडन विद्यापीठातून पॅथॉलॉजीत एम.डी. करून आले आणि मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये शिकवलं. १९४१च्या फेब्रुवारीत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. कॅन्सर हा पाश्चात्त्यांचा आजार, आपल्याकडे त्याचं प्रमाण नगण्य, असा समज तेव्हा डॉक्टरांतही होता. अशा काळात एका कॅन्सर हॉस्पिटलची लॅब उभी करायची, म्हणजे येणारा प्रत्येक तुकडा पुरावा होता.

१९४५ साली त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी एक शोधनिबंध लिहिला. विषय होता सवयींशी जोडलेले तीन नवे कॅन्सर. पहिला कमरेवरचा, जिथे वर्षानुवर्षं धोतर घट्ट आवळून त्वचा घासली जाते तिथला. त्याला "धोती कॅन्सर" हे नावच पडलं. दुसरा तोंडातल्या टाळूचा: आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्ट्याचं (तंबाखूच्या पानाच्या जाड विडीचं) जळतं टोक तोंडात ठेवून ओढण्याची पद्धत आहे, बायकांमध्ये विशेष. तिसरा खैनीचा: बिहारकडे तंबाखू-चुना मळून खालचा ओठ आणि हिरडी यांच्या खोबणीत दाबून ठेवतात, बरोबर तिथे उगवणारा.

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. काचेवर हे तिन्ही कॅन्सर सारखेच दिसतात. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या आणि तोंडाच्या अस्तरातल्या चपट्या पेशींचा कॅन्सर, मध्ये केरॅटिनचे (केस-नखांत असतं ते प्रथिन) गोल गोल मोती. कमरेचा कुठला नि टाळूचा कुठला हे नुसत्या गाठीच्या पेशींवरून मी छातीठोकपणे सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर माझा विश्वास बसणार नाही. म्हणजे खानोलकरांना जे दिसलं ते एकट्या मायक्रोस्कोपमधून दिसलेलं नव्हतं. हा माणूस कुठला, नेसतो काय, ओढतो कसं, तंबाखू तोंडात कुठे धरतो, हे कुणीतरी विचारलं होतं आणि लिहून ठेवलं होतं. "आम्ही पेशंट बघत नाही" या आरोपावर माझं उत्तर हे आहे. एक पेशंट वॉर्डातले डॉक्टर आमच्यापेक्षा चांगला बघतात, पण शंभर पेशंटांमधलं सारखेपण लॅबमधल्या माणसाच्या नजरेत आधी भरतं. अट एवढीच की त्यानं काचेपलीकडचं विचारायला हवं.

ही विचारण्याची खोड त्यांच्या बाकी कामातही दिसते. कुष्ठरोगात सुरुवातीच्या चट्ट्यांमध्ये नेमकं काय घडतं, जंतू आणि मज्जातंतू यांचं नातं काय, यावर त्यांनी बारकाईनं काम केलं. एल. डी. संघवींबरोबर मुंबईतल्या वेगवेगळ्या ज्ञातींचे रक्तगट आणि इतर आनुवंशिक गुण मोजले. १९५२ साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर निघालं, त्याचे ते पहिले संचालक. पुण्याच्या कमल रणदिवे त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. झाल्या, अमेरिकेत टिश्यू कल्चर (शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र) शिकून परत आल्या आणि पुढे मुंबईत त्याची प्रयोगशाळा उभारली. माझ्या लेखी ही खानोलकरांची मोठी कमाई. पद्मभूषण, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरूपद वगैरे यादी लांब आहे, ती कुठेही मिळेल.

हो, आणि आम्ही पेशंटला अजिबात भेटत नाही हेही खरं नाही. मानेत गाठ असली की एफएनएसी, म्हणजे सुईनं गाठीतल्या पेशी काढून तपासणं, बऱ्याचदा पॅथॉलॉजिस्टच करतो. बारीक सुई, दोन-तीन हेलकावे, काचेवर थेंब. तेवढ्या वेळात पेशंट माझ्या चेहऱ्याकडे बघत असतो, आणि चेहरा कोरा ठेवणं हाही कामाचा भाग.

तक्रार एकच, आणि ती पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे: बायोप्सीसोबत येणारा फॉर्म. "क्लिनिकल हिस्टरी" या रकान्यात प्रश्नचिन्ह आणि पुढे "सीए", म्हणजे कॅन्सर. बस्स. सवयींचा रकाना कोरा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी गालाच्या बायोप्सी यायच्या थांबलेल्या नाहीत, आणि आता त्यात तिशीतली मुलं असतात. म्हणून रकाना कोरा दिसला की मी वॉर्डात फोन लावते. रेसिडेंट घाईत असतो. "मॅडम, तंबाखू खातो, लिहून टाका ना." मी विचारते, कुठल्या बाजूला ठेवतो? पलीकडे जरा शांतता, मग, "थांबा, विचारून सांगतो."