तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला महिना सुई का नाही?

"बाई, आम्ही भरतकाम शिकायला आलोय आणि तुम्ही महिनाभर पुठ्ठ्यावर दोरे गुंडाळायला लावता!" दर तुकडीत कुणीतरी हे म्हणतंच. मी हसून टाळते. पण परवा पाठीमागून ऐकलं, "एक महिना जास्तीची फी, दुसरं काय!" ते लागलं.

सुई मी नवव्या वर्षी हातात घेतली. रंगाची नजर असते किंवा नसते, ती शिकवता येत नाही, असं मी छातीठोकपणे सांगायची. त्यामुळे शिकवायला लागले तेव्हा फक्त टाकेच शिकवले.

मग ती मुलगी आली. नमुन्यात दोन पक्षी होते, दोघांची पोटं राखाडी. एकाभोवती केशरी फुलं, दुसऱ्याभोवती निळी. तिने आणलं तेव्हा केशरी फुलांतलं पोट निळसर दिसत होतं आणि दुसरं मातकट. मी म्हटलं, "दोन वेगळ्या लड्या वापरल्यास." ती म्हणाली, "नाही बाई, एकच होती." मी सगळ्यांसमोर म्हटलं, "चूक तर चूक, वर खोटं कशाला?" आणि उसवायला लावलं. ती मान खाली घालून उसवत बसली. लांब-आखूड टाका उसवणं म्हणजे कापड जपत एकेक धागा ओढणं, तास गेला. दोन्ही पोटांचे दोरे टेबलावर एकत्र पडले, तेव्हा मी पाहिले. एकच राखाडी. कुठला कुठल्या पक्ष्याचा, सांगता येईना.

मी माफी मागितली नाही. "बरं, पुन्हा भर," एवढंच म्हटलं. ती पुढच्या वेळी आली नाही.

पुढे वाचनात आलं की पॅरिसच्या गोबेलँ या भिंतीवरची चित्रं विणणाऱ्या कारखान्यातही हेच झालं होतं. काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार होती. 1824 मध्ये तिथे रंगाई विभागाचा प्रमुख झालेल्या शेव्हरल या रसायनतज्ज्ञाने शोधलं, तर दोष रंगात नव्हताच, शेजारच्या रंगांत होता. 1839 मध्ये त्यावर त्याचं जाडजूड पुस्तक आलं. म्हणजे मी त्या मुलीला खोटं पाडलं, त्याच्या कितीतरी आधी उत्तर छापून तयार होतं.

म्हणून पुठ्ठा. एकच राखाडी दोन वेगळ्या रंगांच्या शेजारी गुंडाळा, डोळे बारीक करून बघा, मग बोला.

आता तुमची बाजूही खरी आहे. एकाच दोऱ्याने शेजारीशेजारी उभे आणि आडवे टाके घातले, तर उजेड वेगळा पडून दोन छटा दिसतात. गाठीच्या टाक्याची स्वतःची सावली पडते. यातलं काहीच पुठ्ठा शिकवत नाही, सुईच शिकवते. मग महिना कशाला, पंधरा दिवस पुरेत, असं कधी वाटतं. दर तुकडीला ठरवते आणि पुन्हा महिनाच होतो.

आणि हो, माझ्या स्वतःच्या कामाला मी पुठ्ठा वापरत नाही. रात्री दिव्याखाली नजरेने दोरा निवडते आणि सकाळी उजेडात बघून उसवते.