सहा महिन्यांच्या आत

विधानसभेच्या दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडू नये, एवढंच राज्यघटनेचं कलम १७४ सांगतं. कामकाज किती दिवस चालावं, यावर मात्र ते गप्प आहे. आपल्याकडे साधारण मार्चमध्ये अर्थसंकल्पी, मग पावसाळी आणि डिसेंबरात नागपूरला हिवाळी. विदर्भानं एकत्र मराठी राज्यात यावं म्हणून नेत्यांनी केलेल्या १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून किमान एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं होतं. मी नागपूरचीच. मोर्चे, धरणे आंदोलनं, गावागावांतून निवेदनं घेऊन आलेली माणसं डिसेंबरात दरवर्षी बघते. कापूस, सिंचन, अनुशेष (विकासात मागे राहिलेली तूट) हे विषय पटलावर येईपर्यंत समारोपाची तारीख जवळ आलेली असते, याचा मला मनापासून राग येतो. निदान महिनाभर तरी बसा ना!