आमची वाटचाल : एका छोट्या प्रथिनामागे

सुरुवात निव्वळ व्यापाराची होती. इतरांनी बनवलेल्या अँटिबॉडी (ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणारे रेणू) प्रयोगशाळांना पुरवायच्या आणि तक्रार आली की उत्पादकाकडे पाठवायची. हाडांवर काम करणाऱ्यांच्या तक्रारी मात्र काही केल्या संपत नसत. ब्लॉटवर (वेगळी केलेली प्रथिनं उतरवून घेतलेल्या पडद्यावर) पट्टी दिसते, पण हाडाच्या छेदावर रंगच चढत नाही. एकच नमुना, मोजणीचे दोन किट, दोन आकडे. उत्तरं शोधता शोधता स्वतःच अँटिबॉडी बनवायचं ठरलं.

प्रथिन निवडलं ऑस्टिओकॅल्सिन. ऑस्टिओनेक्टिनही हाडाच्या मॅट्रिक्समध्ये (पेशींभोवतीच्या भागात) भरपूर असतं, पण ते प्लेटलेटमध्ये आणि इतर ऊतींतही सापडतं. ऑस्टिओकॅल्सिन मुख्यतः हाडं घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशी तयार करतात, म्हणून ते दिसलं तर त्याला अर्थ असतो. माणसातलं हे प्रथिन अवघ्या 49 अमायनो आम्लांचं. एवढ्याशा रेणूला उंदराची प्रतिकारशक्ती फारशी दाद देत नाही, म्हणून तो मोठ्या वाहक प्रथिनाला जोडून टोचावा लागतो.

हायब्रिडोमाचं तंत्र, म्हणजे अँटिबॉडी बनवणारी पेशी अखंड वाढणाऱ्या कर्करोग पेशीशी जोडणं, कोहलर आणि मिलस्टाइन यांनी 1975 मध्ये दाखवून दिलं आणि ते आता चांगलं रुळलं आहे. पेशींचा संयोग घडवणं हे तसं सरावाचं काम. कस लागतो तो क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेला आणि एकच अँटिबॉडी देणारा पेशीसमूह, निवडताना. प्लेटवरच्या कृत्रिम पेप्टाइडला (प्रथिनाच्या छोट्या तुकड्याला) घट्ट चिकटणारे क्लोन खऱ्या हाडावर पार निरुपयोगी ठरू शकतात. म्हणून आम्ही निवडीच्या पहिल्या फेरीपासूनच हाडाचे छेद वापरतो. कॅल्शियम काढायला तीव्र आम्लाऐवजी ईडीटीए हे कॅल्शियम बांधून घेणारं सौम्य रसायन वापरतो. वेळ खूप जातो, पण प्रथिनाला इजा कमी होते.

रक्तातली गोष्ट आणखी गुंतागुंतीची. तिथे या रेणूचं शेपूट 43 आणि 44 या अमायनो आम्लांच्या मध्ये सहज तुटतं. सँडविच चाचणीत दोन अँटिबॉडी एकाच रेणूला दोन जागी धरतात; त्यातली एक शेपटाला धरणारी असेल, तर नमुना टेबलावर पडून राहिला की आकडा घसरतो. आमची जोडी 1 ते 43 या टिकाऊ तुकड्यातच दोन वेगळ्या जागी बसते. किटांच्या आकड्यांतल्या तफावतीचं मोठं कारण हेच होतं, आणि माहितीपत्रकांत त्याचा उल्लेख क्वचितच असे.

पेशीसंवर्धन करणाऱ्यांना आम्ही एक सल्ला न मागताही देतो : पेशी नसलेलं नुसतं माध्यमही तपासा. त्यात घातलेल्या गोवत्स सीरममध्ये (वासराच्या रक्तातल्या द्रवात) गाईचं ऑस्टिओकॅल्सिन असतं, ते माणसाच्या प्रथिनाशी खूप जुळतं आणि आमची अँटिबॉडी ते बिनदिक्कत मोजते.

अशा अनुभवांमुळे आमच्या प्रत्येक क्लोनच्या पत्रकावर तो कुठे चालत नाही हे आधी छापलेलं असतं. उंदराचं ऑस्टिओकॅल्सिन 46 अमायनो आम्लांचं; त्याला न ओळखणारा क्लोन असेल तर तसं स्पष्ट लिहितो. यानं विक्री बुडेल असं पुष्कळांनी बजावलं होतं. काही ग्राहक गेलेही; राहिले ते आता नवा प्रयोग आखतानाच फोन करतात.

सध्या हात घातला आहे तो कार्बॉक्सिलीकरणाला, म्हणजे प्रथिनावर जादा कार्बॉक्सिल गट जोडला जाण्याला. 17, 21 आणि 24 या जागांवरच्या ग्लुटामिक आम्लांवर व्हिटॅमिन के च्या मदतीने हा बदल होतो आणि मग प्रथिन हाडातल्या खनिजाला धरतं. बदल झालेलं आणि न झालेलं, दोन्ही वेगवेगळं ओळखणारे क्लोन हवे आहेत. एक बरा वाटतोय. त्याची हाडाच्या छेदांवरची तपासणी अजून व्हायची आहे.