तुम्ही विचारलंत म्हणून: पांढऱ्या पेशी वाढल्यात, मग अँटिबायोटिक घ्यायचं काय?

"डॉक्टर, पांढऱ्या पेशी लई वाढल्यात की ओ. अँटिबायोटिक चालू करू काय?" सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न ठरलेला. मी पॅथॉलॉजिस्ट. औषध लिहून देणं माझं काम नव्हे, म्हणून "तुमच्या डॉक्टरांना दाखवा" एवढंच म्हणतो. प्रश्न मात्र चांगला आहे, आणि काउंटरवर उभ्या-उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही.

पांढऱ्या पेशी निरोपावर चालतात. तो निरोप जंतूंमुळे निघतो, तसा जंतूंशिवायही निघतो. रिपोर्टातल्या आकड्यावरून निरोप गेलाय इतपत कळतं. कुणी धाडला ते त्यात लिहिलेलं नसतं.

आणि कधी कधी तर निरोपाशिवायही आकडा फुगतो. मोठ्या माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात, त्यांतल्या बहुतेक न्यूट्रोफिल जातीच्या. पण रक्तवाहिन्यांतल्या न्यूट्रोफिलपैकी जवळजवळ निम्म्या आमच्या सुईत येतच नाहीत, बारीक वाहिन्यांच्या भिंतींना लगटून बसलेल्या असतात. अंगात अ‍ॅड्रेनालिन उसळलं की त्या सुटून प्रवाहात येतात. त्यामुळे तालमीत मेहनत करून तसाच घामेजल्या अंगानं रक्त द्यायला आलेला पैलवान ठणठणीत असूनही त्याचा काउंट वाढलेला दिसू शकतो. स्टेरॉईडच्या गोळ्यांनी तर आणखी मजा होते: रक्तात न्यूट्रोफिल वाढतात आणि सूज उतरते. भिंतीला चिकटून बाहेर पडणंच अवघड झाल्यामुळे त्या रक्तात अडकून राहतात, शिवाय हाडांच्या मगजातूनही जास्त सोडल्या जातात.

आता खरा निरोप. उसाचं पाचट काढताना बोट कापलं असं धरा. कातडीखाली मॅक्रोफेज नावाच्या पेशी कायम मुक्कामाला असतात. त्यांच्या अंगावर टोल जातीचे रिसेप्टर, म्हणजे खूण ओळखणारी प्रथिनं, असतात. जंतूंच्या आवरणातले ठरावीक रेणू त्यांना बरोबर सापडतात. माशीत टोलचं हे काम ज्यूल्स हॉफमन यांनी १९९६ मध्ये दाखवलं, उंदरात ब्रूस बॉयटलर यांनी १९९८ मध्ये, आणि २०११ च्या नोबेलमध्ये दोघेही होते. रिसेप्टरला रेणू लागला की पेशीच्या आत एकापाठोपाठ एक प्रथिनं जागी होतात. या साखळीतलं मला सगळ्यात आवडणारं प्रथिन एनएफ-कप्पा-बी. १९८६ मध्ये ते रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना सापडलं. एरवी दुसरं एक प्रथिन त्याला केंद्रकाबाहेर अडवून धरतं. इशारा आला की त्या अडवणाऱ्यावर फॉस्फेटची खूण होते, काही मिनिटांत ते मोडीत निघतं, आणि एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरून जीन चालू करतं. म्हणजे सामान आधीच तयार असतं, नुसता अडसर काढायचा. म्हणूनच इतकं झटपट होतं.

त्या जीनमधून टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, ६ आणि ८ ही निरोप नेणारी प्रथिनं तयार होऊन पेशीबाहेर पडतात. पहिल्या दोघांमुळे जवळच्या रक्तवाहिनीची आतली भिंत बदलते आणि तिच्यावर सिलेक्टिन नावाचे हात उगवतात. पंचगंगेच्या पुरात वाहून चाललेला माणूस काठाचं झुडूप धरतो, ते निसटतं, पुढचं धरतो, तशी न्यूट्रोफिल त्या भिंतीवरून अडखळत गडगडत जाते. तेवढ्यात भिंतीवरचं इंटरल्यूकिन-८ तिला लागतं. लगेच तिच्या अंगावरचे इंटिग्रिन नावाचे चिकटणारे हात ताठ होऊन घट्ट पकड घेतात. पेशी थांबते, चपटी होते, भिंतीच्या फटीतून बाहेर सरकते आणि रसायन जिकडे दाट तिकडे चालू लागते. जखमेतला पू म्हणजे मुख्यतः तिथे कामी आलेल्या न्यूट्रोफिल.

यातला एक दुवा निखळला तर काय होतं? क्वचित एखादं मूल इंटिग्रिनच्या जन्मजात दोषासह जन्मतं. त्याची नाळ गळायला फार वेळ लागतो, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो. रक्तात पांढऱ्या पेशींचा पूर, आणि जखमेत पूच नाही! नुसता काउंट बघून या बाळाबद्दल काय कळणार?

उलटा प्रकार आपल्या ओळखीचा. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर मटणाची ताटं झाली, आणि पहाटे पायाचा अंगठा लालभडक, सुजलेला, चादरसुद्धा सहन होईना. हा गाऊट. (मटणानं युरिक अ‍ॅसिडला हातभार लागतो हे खरं, पण सगळा दोष रश्श्याला देऊ नका. मूत्रपिंडं ते किती बाहेर टाकतात, यावर जास्त अवलंबून असतं.) सांध्यातलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं तर न्यूट्रोफिलची गर्दी, त्यांच्यात युरेटचे सुईसारखे स्फटिक, आणि जंतू एकही नाही. २००६ मध्ये युर्ग चॉप यांच्या गटानं दाखवलं, की हे स्फटिक मॅक्रोफेजच्या आतलं इन्फ्लमसोम, म्हणजे धोका ओळखणारा प्रथिनांचा संच, चालू करतात आणि त्यातून इंटरल्यूकिन-१ सुटतं. पुढची वाट कापलेल्या बोटासारखीच. इथे अँटिबायोटिक कुणाला मारणार? इथे कोल्चिसिन चालतं, कारण ते न्यूट्रोफिलची हालचाल आणि इन्फ्लमसोम दोन्ही आवरतं. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही हेच द्रव्य असतं. पण म्हणून कंद उकरू नका. कळलावी जहाल विषारी आहे, माणसं दगावतात.

सूज उतरते तीही निरोपांनीच. काम झालेल्या न्यूट्रोफिल मरताना 'मला खा' अशी खूण अंगावर आणतात. मॅक्रोफेज त्यांना गिळतात आणि गिळल्यावर त्यांची भाषा बदलते: टीएनएफऐवजी सूज आवरणारं इंटरल्यूकिन-१०. सुरुवातीला सूज वाढवणारे प्रोस्टाग्लँडिन बनत होते, आता लिपॉक्सिन आणि रिझॉल्विन बनू लागतात, ते नव्या न्यूट्रोफिलना येऊ देत नाहीत.

तर रिपोर्टाचं काय करायचं? काउंट वाढलेला दिसला की मी रक्ताचा थेंब पसरलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. मगजातून घाईनं निघालेल्या अर्धवट वयाच्या बँड पेशी दिसल्या, न्यूट्रोफिलमध्ये गडद दाणे दिसले, तर संशय जंतूंकडे झुकतो. खात्री त्यानंही होत नाही. ताप, खोकला, लघवीची जळजळ, दुखणारा अंगठा हे तुमच्या डॉक्टरांनी बघायचं. तुम्ही एक करा, रिपोर्टाबरोबर चालू औषधांची चिठ्ठी न्या. गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन आणि कुणी पुडीत बांधून दिलेल्या बिननावाच्या गोळ्यासुद्धा त्यात लिहा. त्यांत स्टेरॉईड असू शकतं, आणि "औषध काय घेता?" म्हटल्यावर नेमकं तेवढंच सांगायचं राहतं.