सही करू का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी एका एथिक्स कमिटीवर आहे. डॉक्टर म्हणून नव्हे. अशा कमिटीवर वैद्यकाशी संबंध नसलेलं एक तरी माणूस असावं लागतं, ते माणूस म्हणजे मी. माणसांवर करायच्या संशोधनाचे कागद काम सुरू होण्याआधी आमच्यापुढे येतात, आणि भाग घेणाऱ्यांवर अन्याय होत नाही ना ते आम्ही बघतो. ओळखीपाळखीत हे कळल्यापासून मला ठरावीक फोन येतात. "भावाला डॉक्टर म्हणतायत, एका अभ्यासात घेतो. नवीन औषध आहे, फुकट आहे. सही करू दे का त्याला? डॉक्टर तसे विश्वासाचे आहेत हो." परवा तुम्हीही हेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. डॉक्टर विश्वासाचे आहेत का, हा एक. आणि ज्या कागदावर ते सही मागतायत, त्या कामापुरते ते तुमचे डॉक्टर आहेत की संशोधक, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर छान, खणखणीत 'हो' आलं तरी दुसरा तसाच उरतो.

उपचार करताना डॉक्टर तुमच्याकडे बघून ठरवतो. डोस कमी करतो, गोळी बदलतो, नाहीच मानवलं तर बंद करतो. संशोधनात त्याला एका प्रश्नाचं उत्तर हवं असतं : हे औषध जुन्यापेक्षा खरंच बरं आहे का? ते उत्तर खरं यायचं तर कोणाला काय द्यायचं ही निवड त्याच्या हातात ठेवून चालत नाही. तो नकळत जरा धडधाकट दिसणाऱ्यांना नवीन औषध देईल आणि निकाल आधीच एका बाजूला झुकेल. म्हणून ते संगणक ठरवतो, चिठ्ठी काढावी तसं. पुष्कळ अभ्यासांत तुम्हाला काय मिळतंय हे खुद्द डॉक्टरलाही माहीत नसतं. तुमच्या जिवावर बेतलं तर ते उघड करून बघता येतं, पण एरवी डोस आपल्या मर्जीने खालीवर करता येत नाही. यात फसवणूक काहीच नाही. औषधं अशीच पारखली जातात आणि पारखलेलीच औषधं आपण घ्यावीत. मात्र हे आधी माहीत असावं लागतं.

आमच्यातले कोणी ना कोणी अधूनमधून प्रत्यक्ष जाऊन संमती कशी घेतात ते बघतात. अशाच एका वेळी एका काकूंची सगळी पानं सह्या करून तयार होती. त्यांची परवानगी घेऊन मी विचारलं, "काकू, तुम्हाला यात कोणतं औषध मिळणार?"

"ते डॉक्टर बघतील की. मला मानवेल ते देतील. माझी तब्येत त्यांना पाठ आहे."

औषध डॉक्टर निवडणार नाहीत, हे त्या कागदांत स्वच्छ लिहिलेलं होतं. त्या पानावर त्यांची सहीही होती.

मला आवडलं ते पुढचं. तरुण डॉक्टर शेजारीच होता. तो "अहो काकू, मघाशी सांगितलं ना" असं म्हणाला नाही. त्याने कागद बाजूला ठेवले, स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसला आणि म्हणाला, "काकू, यात तुमच्यासाठी औषध मी निवडणार नाही. मला निवडताच येणार नाही."

"मग कोण निवडणार?"

त्याने सांगितलं. वर हेही सांगितलं, की नाही म्हणालात तरी तुमचं नेहमीचं औषध चालू राहील आणि ते मीच देईन. मग तो त्यांना म्हणाला, "आता तुम्ही मला सांगा, मी काय बोललो ते." काकूंनी अडखळत सांगितलं, एका ठिकाणी चुकल्या, त्याने तेवढंच पुन्हा सांगितलं. मग त्या म्हणाल्या, मुलाशी बोलून सांगते. त्या सामील झाल्या की नाही हे मी विचारलं नाही. तो त्यांचा प्रश्न होता.

काकूंचं हे काही जगावेगळं नाही. पॉल ॲपलबॉम हे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्येच हे हेरलं होतं : संशोधनात शिरलेला माणूस धरून चालतो, की इथलंही सगळं माझ्या भल्यासाठीच बेतलेलं आहे. शिकलेले लोकही हेच धरून चालतात. डॉक्टर जितका जिव्हाळ्याचा, तितकं हे जास्त, असं माझं निरीक्षण आहे. म्हणून "डॉक्टर विश्वासाचे आहेत हो" हे वाक्य ऐकलं की मी थोडी सावध होते.

विश्वास भरपूर आणि माहिती शून्य असली की काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेत अलाबामातल्या टस्कीगीचं आहे. 1932 मध्ये तिथे सरकारी आरोग्य खात्याने सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास सुरू केला. त्यांतल्या 399 जणांना सिफिलिस हा लैंगिक संबंधांतून पसरणारा आजार होता. त्यांना आजाराचं नाव कधी सांगितलं नाही, "रक्त बिघडलंय" एवढंच सांगितलं. उपचार न करता रोग कुठवर जातो ते बघायचं होतं. पाठीच्या मणक्यातून पाणी काढायची वेळ आली, तेव्हा घरी पत्रं गेली : खास मोफत उपचाराची ही शेवटची संधी. त्यात उपचार नव्हताच, ती नुसती तपासणी होती. 1940 च्या दशकात पेनिसिलिन हा रूढ उपचार झाला, तोही त्यांच्यापर्यंत पोचू दिला नाही. युनिस रिव्हर्स नावाची नर्स या सगळ्या काळात त्यांच्या संपर्कात होती, आणि लोक तिला आपली मानत. 1972 मध्ये बातमी फुटली तेव्हा ते थांबलं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती 1997 मध्ये. फोनवर "फुकट आहे" ऐकलं की मला ते पत्र आठवतं.

आज नियम आहेत, कमिट्या आहेत, जाडजूड संमतीपत्रं आहेत. माझं मत विचाराल तर त्या जाडीतली बरीचशी पानं रोग्यापेक्षा औषध कंपनीच्या वकिलांची काळजी जास्त घेतात. हॉवर्ड बीचर या डॉक्टरने 1966 मध्ये संशोधनातल्या गैरप्रकारांची 22 उदाहरणं छापली. संमती महत्त्वाचीच, पण तिच्याहून भरवशाची गोष्ट म्हणजे जाणता आणि माणुसकी असलेला संशोधक, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते अर्धं पटतं. माणुसकी असलेल्या संशोधकालाही वेळ नसतो.

वेळेवरून सांगते. 1984 च्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टर-रोग्यांच्या 74 भेटी ऐकल्या गेल्या. रोगी बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत त्याला तोडत होते. पुढे 2002 मध्ये स्वित्झर्लंडमधला एक अभ्यास आला. तिथे डॉक्टरांना मधे बोलायचं नाही असं सांगितलं होतं. लोक बोलून बोलून किती बोलले? सरासरी 92 सेकंद. दीड मिनिट! "विचारू दिलं तर दिवस जाईल" ही डॉक्टरांची भीती निदान तिथे तरी खोटी निघाली.

तेव्हा भावाला सांगा, दीड मिनिट मागून घे. यात माझ्यासाठी काय आहे आणि पुढच्या रोग्यांसाठी काय आहे, हे वेगवेगळं सांगा म्हणावं. मी नाही म्हटलं किंवा अर्ध्यातून बाहेर पडलो तर माझा उपचार कोण करणार? काही बिघडलं तर खर्च कोणाचा? अभ्यास संपल्यावर औषध चालू राहणार का? आणि निकाल काय लागला ते मला कळवणार ना? हे शेवटचं लोक विचारतच नाहीत. खरं तर हेलसिंकी जाहीरनामा, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची जगभर मानली जाणारी नीतितत्त्वं, त्याच्या 2013 च्या आवृत्तीत लिहिलंय, की सहभागींना निकाल कळवून घेण्याचा पर्याय द्यावा. तरी तो कळवण्यात पुष्कळ ठिकाणी आळसच दिसतो.

उत्तरं काय येतात यापेक्षा कशी येतात ते बघा. "ते आम्हालाही अजून माहीत नाही" असं डॉक्टर सरळ म्हणाले तर माझ्या लेखी ते चांगलं लक्षण. सगळं माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता? "काळजी करू नका, करा सही" एवढंच आलं, तर कागद घरी घेऊन या. तो मागायचा हक्क तुमचाच आहे. आणि त्या कागदांत एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. तो फारसं कोणी लावत नाही. सही झाल्यानंतरही लावता येतो.