श्वासाच्या रकान्यातले 20

टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी, श्वास लिहायच्या तक्त्यावर, श्वासाचा रकाना भरणं सगळ्यात सोपं. थर्मामीटर लागत नाही, बीपीचा पट्टा बांधावा लागत नाही. खरं सांगायचं तर पेशंटकडे बघावंही लागत नाही. मिनिटाला 20 लिहायचं नि पुढच्या कॉटकडे जायचं. कुठलाही जुना चार्ट चाळा, अख्खा वॉर्ड एका तालात श्वास घेत असतो.

त्या रात्री 10 च्या राउंडला सात नंबरच्या आजोबांपुढे मीही 20 लिहिलं. मेल सर्जिकल वॉर्डला 40 पेशंट, आम्ही दोघी नर्स. आजोबा 68 वर्षांचे, लघवी तुंबली म्हणून दोन दिवसांपूर्वी कॅथेटर घातलेला. बीपीसाठी कित्येक वर्षं ॲटेनोलॉल चालू.

2 वाजता आजी टेबलापाशी आल्या. ‘‘सिस्टर, यांना थंडी वाजतीय का बघा की. दोन चादरी घातल्या, तरी पाय गारच.’’

ताप 97.6. नाडी 82. बीपी 108/64. ऑक्सिजन 95. कागदावर बोट ठेवायला जागा नाही. मी वळणारच होते, पण पोटावरची चादर भराभर वरखाली होत होती. मनगट हातात धरलं, नाडी मोजतेय असं दाखवत. श्वास मोजतोय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो, म्हणून ही युक्ती कॉलेजात शिकवतात आणि आपण विसरतो. घड्याळ लावून पूर्ण मिनिट. 32. पुन्हा मोजला. 32च.

मग बाकीचे आकडेही वेगळे दिसायला लागले. ॲडमिशनचं बीपी 164/90 होतं; या माणसासाठी 108 म्हणजे घसरणच. नाडी धावत नव्हती, कारण ॲटेनोलॉल तिला धावू देत नाही. म्हातारपणी जंतुसंसर्गात ताप चढेलच असंही नाही. रक्तपुरवठा कमी पडला की शरीरात आम्ल साठतं, ते भरून काढायला फुप्फुसं जोरात चालतात. बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजन सांगतं, तो टिकवायला माणूस किती राबतोय ते नाही सांगत. नख दाबून सोडलं तर रंग परतायला चार-पाच सेकंद. कॅथेटरच्या लघवीच्या पिशवीत 8 वाजल्यापासून जेमतेम 60 मिली, तीही गढूळ.

‘‘आजोबा, कसं वाटतंय?’’

‘‘म्हशीची धार काढली का गं?’’

डॉक्टरांना फोन लावला. नुसतं ‘बीपी 108’ म्हटलं असतं तर ‘लक्ष ठेवा’ एवढंच उत्तर आलं असतं; त्यांचीही सलग दुसरी रात्र होती. म्हणून म्हटलं, ‘‘सर, श्वास 32, पूर्ण मिनिट मोजलाय. ॲडमिशनला वरचं बीपी 164, आता 108. ॲटेनोलॉलवर आहेत, नाडीवर जाऊ नका. असंबद्ध बोलतायत.’’

चपला घालून तसेच आले. श्वास 22 किंवा जास्त, वरचं बीपी 100 किंवा कमी, भान बिघडलेलं; या तिघांतले दोन जुळले की सेप्सिसची, म्हणजे जंतुसंसर्गानं अवयवच बिघडायला लागल्याची, शंका घ्यायची. आमचे दोन झाले होते. कोणते जंतू ते तपासायला, कल्चरसाठी रक्त काढलं, लगेच अँटिबायोटिक, सलाईन वेगात. 3 वाजता वरचं बीपी 86 वर आलं नि तिसराही जुळला. 4 च्या आत आजोबा आयसीयूत. आठव्या दिवशी वॉर्डात परतले ते चहा पातळ आहे म्हणून कुरकुरतच.

पण त्या पहाटे, शिफ्ट करताना डॉक्टर चार्ट बघत थांबले. ‘‘10 ला 20 होता? चार तासांत एवढा वाढला?’’

‘‘सर, 10 ला मोजला नव्हता.’’

ते काही बोलले नाहीत. मी त्या 20 वर एकच रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी ‘मोजला नाही’ लिहिलं, वेळ टाकली, सही केली.