बायपासनंतर अकरा वर्षांनी उठलेली कळ

२०१२ साली पुण्यात माझी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली, गॅस्ट्रिक बायपास. वजन तेव्हा ११८ किलो होतं, मधुमेह गोळ्यांवरून इन्सुलिनवर आला होता आणि साताऱ्यातल्या आमच्या शाळेचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागायचं. दीड वर्षात वजन बहात्तरवर आलं, इन्सुलिन सुटलं. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणी "म्हणून नको ती ऑपरेशनं" असं म्हणू नये. आज पुन्हा वेळ आली तरी मी तीच शस्त्रक्रिया करून घेईन.

२०२३ च्या पावसाळ्यात पोट दुखायला लागलं. जेवल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने डाव्या बरगडीखाली कळ उठायची आणि थेट पाठीत जायची. पलंगावर कोपरं टेकून ओणवं झालं की जरा बरं वाटायचं. तासाभरात सगळं शांत, आणि मग आठ-आठ दिवस काहीच नाही. पिठलं-भाकरीने दुखायचं तसं मुगाच्या खिचडीनेही दुखायचं, त्यामुळे पथ्य तरी कशाचं करायचं ते कळेना. सासूबाई गरम पाण्यातून ओवा-सैंधव द्यायच्या. कळ आपली आपण जायची आणि श्रेय ओव्याला मिळायचं.

बायपास झालेल्यांना पोटाच्या बारीकसारीक कुरबुरी नव्या नसतात. लग्नात जिलबी जास्त झाली की दहा-पंधरा मिनिटांत घाम फुटतो, छाती धडधडते, झोपावंसं वाटतं. याला डंपिंग म्हणतात. कधी दोनेक तासांनी रक्तातली साखर घसरते आणि हातपाय कापायला लागतात, तेही त्यातलंच. हे सगळं माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. ही कळ त्यातली नव्हती, आणि मी ते प्रत्येक ठिकाणी सांगत होते.

गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या. सोनोग्राफीत काही निघालं नाही. पित्ताशय तर बायपासनंतर वर्षभरातच खड्यांमुळे काढलेलं. वजन झपाट्याने उतरलं की खडे होतात, ते अनेकांना होतं. मग एंडोस्कोपी झाली, तीही नॉर्मल. "मॅडम, पोट एकदम छान आहे, टेन्शन घेऊ नका."

आता हे "पोट छान आहे" नीट समजून घ्यायला हवं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण तीस मिलीची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढीच पिशवी ठेवतात आणि लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक तिला जोडतात. उरलेलं मोठं जठर पोटातच असतं, पण अन्नाच्या वाटेवर नसतं. त्याचे पाचक रस आणि यकृताचं पित्त दुसऱ्या फाट्याने येऊन बरंच खाली अन्नाला मिळतात. तोंडातून घातलेल्या दुर्बिणीला दिसते ती एवढीशी पिशवी, तिचा जोड आणि त्यापुढचं थोडं आतडं. जोडापाशी अल्सर असेल तर तो सापडतो, म्हणून तपासणी करायलाच हवी. पण बाकीच्या पोटाबद्दल तो रिपोर्ट काहीच सांगत नाही. अशा पोटाशी ज्यांचा रोजचा संबंध नाही, त्यांच्याकडून हे सुटतं, आणि त्रास रुग्णाला भोगावा लागतो.

गणपती गेल्यावर एका रात्री कळ आली ती थांबेचना. इस्पितळात नेलं, सीटी स्कॅन झाला, "विशेष काही नाही" असा अहवाल आला. उलटी नाही, म्हणजे आतडं अडकलेलं नाही, असा तिथल्यांचा तर्क. नेहमीच्या पोटाला तो लागूही पडतो. बायपासच्या पोटात मात्र अडथळा पित्ताच्या फाट्यात असेल तर अन्नाची वाट मोकळी राहते आणि उलटी होईलच असं नसतं. ह्यांनी सकाळी पुण्याच्या माझ्या सर्जनना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "कागद नको, स्कॅनची सीडी आणा. आजच या."

त्यांनी पडद्यावर एकेक चित्र सरकवत एका जागी बोट ठेवलं. आतड्याच्या रक्तवाहिन्या तिथे भोवऱ्यासारख्या पिळल्या होत्या. मग औषधाच्या चिठ्ठीमागे बॉलपेनने चित्र काढून दाखवलं. वर छोटी पिशवी, तिच्यातून उतरणारं आतडं, बाजूने येऊन मिळणारा फाटा. उतरणाऱ्या आतड्याच्या मागे त्यांनी बोटाएवढी जागा गडद रंगवली. "पीटरसन स्पेस. इथून आतडं पलीकडे सरकतंय आणि परत येतंय."

वाल्थर पीटरसन या जर्मन सर्जनने १९०० साली, वजनासाठी बायपास सुरू होण्याच्या कितीतरी आधी, या जागेतून आतडं अडकण्याचं वर्णन केलं होतं. आतडं पोटात सुटं नसतं. मागून एक पडदा त्याला धरून असतो आणि रक्तवाहिन्या त्यातूनच येतात. आतड्याची नवी मांडणी केली की या पडद्यांमध्ये फटी राहतात. सुरुवातीला पडद्यात भरपूर चरबी असते, त्यामुळे फट जवळजवळ बुजलेली असते. माणूस बारीक झाला की अंगठी सैल व्हावी तशी ती सैल होते. म्हणूनच हा त्रास कधी कधी कितीतरी वर्षांनी उपटतो. पूर्वी सगळेच सर्जन या फटी शिवत नसत. स्वीडनमध्ये सुमारे अडीच हजार रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. फटी शिवलेल्यांना आतडं अडकून पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण कमी दिसलं. माझी शस्त्रक्रिया त्याआधीची.

त्याच संध्याकाळी पोटावर छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. त्याचं चित्रण मी नंतर पाहिलं. पोटात दुधासारखं पांढरट पाणी साचलं होतं. पडद्यातल्या रसवाहिन्या दाबल्या गेल्या की तसं होतं. लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथून सुरुवात करून, चिमट्यांनी वीत-वीत उलटं मागे येत त्यांनी सगळं आतडं त्या फटीतून बाहेर ओढलं. पलीकडून बाहेर आलेला भाग आधी निळसर होता, बघता बघता गुलाबी झाला. तो रंग पाहून मला रडू आलं. काही कापावं लागलं नाही. फट न विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवली. आणखी उशीर झाला असता तर आतड्याचा रक्तपुरवठाच तुटला असता, मग ते काढूनच टाकावं लागतं.

ती चिठ्ठी लॅमिनेट करून मी पर्समध्ये ठेवते, सोबत दोन्ही शस्त्रक्रियांचे डिस्चार्ज कार्ड. ह्यांच्या आणि मुलीच्या मोबाइलमध्येही त्याचे फोटो आहेत. तीन गोष्टी लाल शाईने लिहिल्या आहेत: बायपास झालेलं आहे; ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं देऊ नका, कारण त्याने जोडापाशी अल्सर होतो; नाकातून पोटात नळी घालण्याआधी बायपास करणाऱ्या सर्जनशी बोला.

कळकळीने सांगते, बायपास होऊन कितीही वर्षं झाली असली आणि जेवणानंतर अशी येणारी-जाणारी कळ सुरू झाली, तर रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून थांबू नका. स्कॅनही कधी कधी नॉर्मल येतो, आणि मग पोटाला छिद्र पाडून दुर्बिणीने आत बघणं हाच मार्ग उरतो. बायपासनंतर गरोदर राहिलेल्या मुलींनी तर जास्तच जपावं. वाढत्या गर्भाशयाने आतडी वर ढकलली जातात आणि पोटदुखी गरोदरपणाच्या नावावर खपून जाते.

तुमची शस्त्रक्रिया नेमकी कोणती, तेही जुन्या कागदांत बघून घ्या. अनेक जण नुसतं "बॅरिॲट्रिक झालंय", म्हणजे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालीय, एवढंच सांगतात. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग काढून त्याची नळी करतात, आतडं कापत-जोडत नाहीत, त्यामुळे ही फट राहत नाही. तिथे पुढे जळजळीचा त्रास जास्त. मिनी बायपासमध्ये, म्हणजे आतड्याचा एकच जोड असलेल्या बायपासमध्ये, ही जागा उरते, आणि पित्त वर येण्याचाही त्रास होऊ शकतो. फाइल सापडत नसेल तर जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे अर्ज करून नक्कल मागा. दुखणं नसताना मागितलेली बरी.